ट्रकची ज्येष्ठता यादी

मेकॅनिक आला, त्याने बॉनेट उघडलं, आत एक नजर टाकली, बॉनेट बंद केलं आणि म्हणाला, "भंगारात द्या."

एवढं बोलून तो गेला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जाताजाता त्याने पुढच्या चाकाला बुटाने एक हलकीशी ठोकर मारली. वर केबिनमध्ये ट्रकचे मालक बसलेले आहेत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मालक म्हणजे हेडक्लार्कांचे सासरे. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, मेकॅनिककडे पाहिलं आणि वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं. तसे ते बोलायचेच कमी. दिवसाकाठी "हो", "नको" आणि "बरं" एवढ्यावर त्यांचं भागायचं.

हेडक्लार्कांना बिल्डिंगमधले सगळे हेडक्लार्कच म्हणत. ते एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखा सांभाळत. कोण कधी नोकरीला लागला आणि म्हणून कोणाचा नंबर कोणाच्या आधी, ही ज्येष्ठता यादी त्यांच्या हातची असे, आणि अठ्ठावीस वर्षांत तिच्यात एकही चूक निघाली नव्हती. ही गोष्ट ते स्वतःहून कोणाला सांगत नसत, फक्त बोलणं तिकडे वळवत. त्यांचा स्वभाव असा, की आपल्या टिपणीवर कोणी शेरा मारला तर ते मुकाट्याने गिळतील, पण कागद न वाचता मारलेला शेरा त्यांना सहन होत नाही. आणि मेकॅनिकने कागद वाचला नव्हता.

"मी करतो," ते म्हणाले.

"काय करता?" वर गॅलरीतून बायकोने विचारलं.

"दुरुस्त."

"अहो, तुम्हाला मिक्सरचं भांडं बसवता येत नाही."

केबिनमधलं वर्तमानपत्र जरासं हललं. सासरे हसले की त्यांनी पान उलटलं, हे खालून कळायला मार्ग नव्हता. हेडक्लार्कांनी ते हसणंच धरलं, आणि तिथून माघार घ्यायची सोय उरली नाही.

ट्रक छोटाच होता, पण एकतीस वर्षांचा, आणि सासऱ्यांनी स्वतः चालवून त्यावर संसार केलेला. आठ महिन्यांपूर्वी, सासूबाई गेल्यावर, सासरे लेकीकडे राहायला आले ते एक पेटी आणि हा ट्रक घेऊन. पेटी पलंगाखाली गेली, ट्रक बिल्डिंगच्या मागच्या भिंतीशी लागला. जेवायला आणि झोपायला ते वर येत, राहत मात्र केबिनमध्ये. सकाळी चहा झाला की लाकडी स्टूल घेऊन खाली जायचे, गुडघे दुखत म्हणून त्यावर पाय देऊन चढायचे, आणि दुपारपर्यंत तिथे पेपर वाचायचे. पाच महिन्यांपूर्वी ट्रक सुरू व्हायचा थांबला तरी त्यांचं बसणं थांबलं नव्हतं. आता पंचाईत अशी, की ट्रकच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत सहा आठवड्यांत संपत होती. तपासणी केंद्रावर स्वतःच्या चाकांवर चालत जाऊन तो पास झाला तर ठीक, नाहीतर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द झालेली गाडी आवारात ठेवायची नाही असा सोसायटीचा ठराव होता.

"ट्रक गेला तर बाबा बसतील कुठे?" बायको म्हणाली. ह्या प्रश्नावर हेडक्लार्कांनी फाइल उघडली.

फाइल खरोखरची होती. पुठ्ठ्याची, वर विषय लिहिलेली, आत पानांना क्रमांक घातलेली. वाचनालयातून त्यांनी इंजिनावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि पहिल्या प्रकरणापासून टाचणं काढली. इंजिनाचा जो भाग सुटेल त्याला पांढऱ्या दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर क्रमांक, तारीख, कुठून काढला, आणि खाली सही. बोल्ट असो नाहीतर वायसर, चिठ्ठीशिवाय काही जमिनीवर ठेवायचं नाही. शेजाऱ्यांनी हे पाहिलं आणि संध्याकाळी खाली येऊन उभं राहायला सुरुवात केली.

त्याच पहिल्या शनिवारी सगळा घोळ झाला.

डिझेलच्या टाकीचं झाकण पुसताना त्यांना त्याच्या मधोमध एक भोक दिसलं. टाचणीच्या डोक्याएवढं. हेडक्लार्कांच्या लेखी भोक म्हणजे गळती आणि गळती म्हणजे कोणाचा तरी हलगर्जीपणा. ते झाकण वर घरी घेऊन गेले. गोपनीय लिफाफे बंद करायची लाल लाख त्यांच्या कपाटात असायचीच. ती त्यांनी गॅसवर वितळवली, भोकावर ओतली, आणि हाताला सवय, वर कचेरीची पितळी मोहोरही दाबली. दिसायला काम सुरेख झालं.

वाचकांना उगाच ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. मेकॅनिक आला त्या दिवशी ट्रकची फक्त बॅटरी उतरलेली होती, बाकी काही झालं नव्हतं. जे झालं ते ह्या लाखेने. टाकीतलं डिझेल जसजसं इंजिनाकडे जातं तसतशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते, आणि ती त्या भोकातूनच येते. भोक बुजवलं की इंजिन टाकीतून डिझेल ओढत राहतं, ओढत राहतं, आणि अठरा-वीस मिनिटांनी त्याला ओढवेनासं होतं. मग ते दोन आचके देतं आणि बंद पडतं. झाकण उघडलं की हवा आत जाते आणि सगळं पूर्ववत. एवढं ठाऊक असलं की पुढचे सहा आठवडे समजायला सोपे जातात. हेडक्लार्कांना ते ठाऊक नव्हतं.

रविवारी दहा वाजता भरलेली बॅटरी बसवली आणि ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. हेडक्लार्कांनी मान लववली, परवान्यात हे वाहन बसतं ह्याची खात्री त्यांनी आधीच दोनदा करून घेतली होती, आणि ट्रक बाहेर काढला. सासरे शेजारच्या सीटवर पेपर घेऊन बसलेलेच होते, ते उतरले नाहीत. अठराव्या मिनिटाला, शाळेच्या फाटकासमोर, ट्रकने दोन आचके दिले आणि तो थांबला. सासऱ्यांनी पान उलटलं.

मागून स्कूटरवर पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. माणूस मदतीला तत्पर आणि मताचा पक्का. "डिझेल आहे का?" त्यांनी विचारलं. टाकीचा काटा कित्येक वर्षं एकाच जागी अडकलेला, तेव्हा बघायला झाकणच उघडावं लागलं. झाकण फिरवताच फुस्स असा आवाज झाला.

"आवाज झाला," हेडक्लार्क म्हणाले.

"होतो," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडेही होतो. डिझेल भरपूर आहे. म्हणजे पाइपात हवा धरली. मुळाशी जाऊन काढावी लागेल."

त्यांनी फिल्टरवरचा बोल्ट सैल केला, हाताने पंप दाबदाबून बुडबुडे काढले, बोल्ट आवळला. ट्रक सुरू झाला. डॉक्टरांनी हात पुसले आणि त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये ते इंजिनाचेही डॉक्टर झाले. ट्रक घरी पोहोचला, कारण परतीचा जवळचा रस्ता पंधराच मिनिटांचा होता.

ह्यानंतर जे व्हायला लागलं त्याला एक शिस्त होती. ट्रक निघायचा, अठरा-वीस मिनिटांनी बंद पडायचा, कोणीतरी डिझेल आहे का म्हणून झाकण उघडायचं, फुस्स व्हायचं, मग त्या दिवशीच्या सल्लागाराला जे सुचेल ते केलं जायचं, आणि ट्रक सुरू व्हायचा. श्रेय सल्लागाराला जायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या भूगोलाच्या मास्तरांनी एकदा सायलेन्सरवर ओलं फडकं ठेवलं, ट्रक सुरू झाला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा नुसतीच सगळी दारं उघडून पुन्हा आपटली, तरी सुरू झाला. इतके उपाय लागू पडलेला दुसरा आजारी कोणी पाहिला नसेल.

भूगोलाच्या मास्तरांनी तर नकाशा काढला. ट्रक जिथे जिथे बंद पडला तिथे त्यांनी लाल टिंबं दिली. सात टिंबं झाल्यावर त्यांना दिसलं की सगळी टिंबं बिल्डिंगभोवतीच्या एका गोलावर येतात. दोन संध्याकाळ विचार करून त्यांनी निष्कर्ष काढला की दोष ट्रकमध्ये नाही, त्या पट्ट्यातल्या जमिनीत आहे. "खाली लोहखनिज असणार," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, मग माझी स्कूटर कशी चालते. त्यावरून दोघांत आठवडाभर अबोला राहिला, आणि कामाला तेवढीच शांतता मिळाली.

हेडक्लार्क सल्ले ऐकून घेत, फाइलला लावत, पण त्यांची स्वतःची पद्धत वेगळी होती. त्यांनी इंजिनाच्या भागांची ज्येष्ठता यादी तयार केली. सगळ्यात जुना भाग सगळ्यात वर, सगळ्यात नवा सगळ्यात खाली. जो जास्त वर्षं राबला तोच आधी थकणार, हे त्यांना इतकं उघड वाटत होतं की त्याला पुराव्याची गरज नव्हती. यादीत एकूण त्रेचाळीस भाग होते आणि चौकशी वरून सुरू झाली. लाख यादीत नव्हती. लाख ही स्टेशनरी, ती यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि ह्या सगळ्यात एका माणसाला कोणी काही विचारलं नाही. डॉक्टरांना वाटायचं, ड्रायव्हर माणूस, त्यांना चाक फिरवण्यापलीकडे काय माहीत. हेडक्लार्कांना तसं वाटत नव्हतं, पण त्यांच्या डोक्यात चालवणं ही एक शाखा आणि दुरुस्ती ही दुसरी. एका शाखेचा विषय दुसऱ्या शाखेला विचारायचा म्हणजे स्वतःच्या शाखेची अब्रू घालवायची. शिवाय ते वर्तमानपत्र त्या दिवशी हललं होतं. माणसाला अशा गोष्टी विसरता येत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात नंबर लागला डिझेल चढवणाऱ्या छोट्या पंपाचा. सुट्या भागांच्या दुकानदाराने सांगितलं होतं, "नुसतं तोंडी सांगू नका, नमुना आणा." म्हणून हेडक्लार्कांनी पंप सोडवला, त्याला चिठ्ठी बांधली, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मधल्या सुट्टीत दुकानात जावं म्हणून कचेरीत नेऊन टेबलावर ठेवला. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. परत येतात तो टेबल रिकामं. चिठ्ठीवर क्रमांक, तारीख आणि हेडक्लार्कांची सही पाहून आवक शाखेने पंपाला शिक्का मारला होता, रजिस्टरात चढवला होता आणि रीतसर अभिलेख कक्षात पाठवून दिला होता. अभिलेख कक्षातून कोणतीही वस्तू लेखी मागणीशिवाय बाहेर काढता येत नाही. हा नियम पाच वर्षांपूर्वी हेडक्लार्कांनीच करून घेतला होता.

त्यांनी मागणीपत्र दिलं. मागणीपत्र मंजुरीसाठी आस्थापना शाखेत, म्हणजे त्यांच्याच टेबलावर आलं. आपणच मागायचं आणि आपणच मंजूर करायचं हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी ते वर साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी विचारलं की पंप कचेरीच्या मालकीचा आहे काय, नसल्यास तो अभिलेखात कसा. ह्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर लिहायला हेडक्लार्कांना चार दिवस लागले, आणि ते चार दिवस ट्रक पंपाशिवाय उभा होता. सासरे रोजच्यासारखे केबिनमध्ये बसत होते. पंप परत आला तेव्हा तो ठणठणीत निघाला, फक्त त्याच्यावरचा निळा शिक्का घासूनही गेला नाही.

पाचव्या आठवड्यात अब्रूचा पुरता निकाल लागला. सोमवारी सकाळी नऊला ट्रक चाचणीहून परत येताना बरोबर फाटकात बंद पडला. अर्धा आत, अर्धा बाहेर. आत बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या गाड्या, आणि कामाला निघालेली सगळी माणसं. हॉर्न वाजायला लागले. डॉक्टर हवा काढायला धावले, मास्तरांनी आवाराच्या आतही लोहखनिज असू शकतं हे मान्य केलं, सेक्रेटरींनी जागेवर नोटीस लिहून हेडक्लार्कांच्या हातात दिली. हेडक्लार्कांनी ती वाचली, जावक क्रमांक घातलेला नाही हे सेक्रेटरींच्या लक्षात आणून दिलं, क्रमांक घालून घेतला आणि मगच पोच दिली. त्यांचे हात काळे झाले होते, सदऱ्याची बाही फाटली होती, आणि तिसऱ्या मजल्यावरून बायको सगळं बघत होती. तिने त्या दिवशी मिक्सरचं नाव काढलं नाही. तिने गरम पाणी आणि साबण तेवढा ठेवला, आणि हेडक्लार्कांना तेच जास्त लागलं.

"जाऊ दे ना," संध्याकाळी ती म्हणाली. "मी बाबांना समजावते. खिडकीशी एक आरामखुर्ची घेऊ त्यांना."

"यादी संपलेली नाही," हेडक्लार्क म्हणाले.

यादी सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी संपली. त्रेचाळीस भाग तपासून झाले, धुऊन झाले, पुसून जागच्या जागी बसले. शुक्रवार मुदतीचा शेवटचा दिवस. तपासणी केंद्राची खिडकी एकला बंद होणार होती आणि केंद्र पंचवीस मिनिटांच्या अंतरावर होतं. हेडक्लार्कांनी रजा टाकली, फाइल घेतली, सासऱ्यांना हात देऊन वर चढवलं आणि साडेअकराला ट्रक बाहेर काढला. इंजिन इतकं छान चाललं होतं की त्यांनी स्वतःशी काहीतरी गुणगुणायलाही सुरुवात केली. एकोणिसाव्या मिनिटाला दोन आचके आले.

ट्रक रस्त्याच्या कडेला, एका बंद गोदामाच्या भिंतीशी थांबला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. डॉक्टर नव्हते, मास्तर नव्हते. हेडक्लार्क उतरले, बॉनेट उघडलं, फाइल उघडली. पहिल्या भागापासून त्रेचाळिसाव्यापर्यंत सगळ्यांपुढे बरोबरची खूण होती. आता तपासायला काही शिल्लक नव्हतं. असं त्यांच्या नोकरीत कधीच झालं नव्हतं. ते पायरीवर बसले. त्यांना रडू आलं नाही, पण येईल की काय अशी भीती मात्र वाटली. बारा वाजायला आले होते. वर न बघताच ते म्हणाले, "बाबा, काय झालं असेल हो?"

वर पेपराची घडी होत असल्याचा आवाज आला. स्टूल घरीच राहिलं होतं, त्यामुळे सासऱ्यांना उतरायला बराच वेळ लागला. उतरल्यावर ते बॉनेटकडे गेलेच नाहीत. टाकीशी गेले आणि झाकण फिरवलं. फुस्स झालं. झाकण त्यांनी हेडक्लार्कांसमोर धरलं.

"हे काय आहे?"

"लाख."

"कोणी लावली?"

"मी. भोक होतं तिथे."

"टाकीला श्वास नको का घ्यायला?" सासरे म्हणाले, आणि हवा कशी आत येते ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. आठ महिन्यांत ते एवढं सलग बोलले नव्हते. "एखादी टाचणी आहे का?"

टाचण्या हेडक्लार्कांच्या फाइलला होत्याच. पण द्यायला काढलेला हात त्यांनी मध्येच थांबवला. "त्यावर कचेरीची मोहोर आहे," ते म्हणाले. "सील तोडायला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते."

"मग तुम्ही तिकडे बघा," सासरे म्हणाले. हेडक्लार्कांनी गोदामाच्या भिंतीकडे पाहिलं. मागे लाखेचे तुकडे पडल्याचा बारीक आवाज झाला.

मग सगळं एकदम त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांना राग आला. रीतसर, मनापासून राग. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या रविवारपासून. लाल रंग लांबून दिसतो."

"सहा आठवडे! तो दातांचा डॉक्टर माझ्यासमोर मेकॅनिक झाला. मी फाटकात उभा होतो फाटक्या बाहीने. तुम्ही पेपर वाचत होतात. एका शब्दाने सांगितलं असतंत तर?"

"बॉनेट उघडं असताना ड्रायव्हरने मेकॅनिकला शिकवायचं नसतं," सासरे म्हणाले. "आमच्यात ती पद्धतच नाही. त्याने विचारलं तर सांगायचं. तुम्ही विचाराल म्हणून मी वाट बघत होतो." झाकण लावता लावता ते जरा थांबले. "आठवड्याभरात सांगणार होतो खरं म्हणजे, विचारलं नसतंत तरी. पण तुम्ही एकेक बोल्ट पुसून, नाव घालून, जागच्या जागी लावत होतात. एकतीस वर्षं मी हा ट्रक चालवला, ह्याच्याकडे इतकं नीट कोणी बघितलं नाही. मीसुद्धा नाही. बघत बसावंसं वाटलं."

राग तसाच ठेवून हेडक्लार्क स्टिअरिंगवर बसले.

तपासणी केंद्रावर एकच गाडी पुढे होती. निरीक्षकांनी ट्रकचे दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, इंजिन अर्धा तास चालू ठेवायला लावलं. अर्धा तास ट्रक एका लयीत चालला. बॉनेट उघडल्यावर निरीक्षक बराच वेळ आत बघत राहिले, कारण इंजिनावर कुठे काळा डाग नव्हता आणि प्रत्येक बोल्टला अजून पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. पंपावरच्या निळ्या शिक्क्याकडे त्यांनी जास्तच वेळ पाहिलं आणि काही न विचारता पास असा शेरा लिहिला. एकला दहा कमी होते.

उरली फक्त खिडकी. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत बाहेर सरकवला. "रकाना चौदा कोरा आहे."

रकाना चौदा म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याचं नाव. हेडक्लार्कांनी तो सहा आठवड्यांपूर्वीच सुबक अक्षरात भरला असता. पण आज सकाळच्या हिशेबाने ते नाव खरं राहिलं नव्हतं, आणि खोटी नोंद त्यांच्या हातून झालेली नव्हती. "निरंक लिहिलं तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"निरंक चालत नाही."

हेडक्लार्कांना हे उत्तर पाठ होतं. अठ्ठावीस वर्षं ते स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूने हेच उत्तर देत आले होते. ते सासऱ्यांकडे वळले. "तुमचं नाव घालतो, बाबा. दोष तुम्ही काढलात."

"मी झाकण उघडलं," सासरे म्हणाले. "झाकण तर तो डॉक्टरही उघडत होता." मग ते खिडकीकडे झुकले आणि बोट हेडक्लार्कांकडे करून म्हणाले, "ह्यांचं नाव लिहा. ट्रक ह्यांनी केला."

गृहस्थांनी नाव विचारलं आणि लिहिलं. गृहस्थ पुढच्या रकान्यावर गेले. "अर्हता?"

"वाणिज्य शाखेची पदवी," हेडक्लार्क म्हणाले. "टंकलेखन, दोन्ही परीक्षा."

"इंजिनाच्या संदर्भात विचारतोय. ट्रक दुरुस्त करायला ह्यांची अर्हता काय?"

मागे घड्याळात पाच मिनिटं उरली होती. सासऱ्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून गुडघ्यांवरचा भार हलका केला.

"लिहा," ते म्हणाले, "घरचा माणूस."

गृहस्थांनी चष्म्यावरून सासऱ्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि लिहिलं. अर्ज सहीसाठी बाहेर आला.

अशी नोंद कोणत्याच नियमात बसत नाही, हे त्या आवारात हेडक्लार्कांइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या हाताखालच्या कारकुनाने असं लिहिलं असतं तर त्यांनी त्याखाली लाल रेघ ओढून कागद परत पाठवला असता. त्यांनी ती नोंद एकदा वाचली. चष्मा काढून पुसला आणि आणखी एकदा वाचली. मग सही केली.